डाव्या पायाची साक्ष

मी एक फर्मा बोलतोय. डाव्या पायाचा.

फर्मा म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण आजकाल बूट खोक्यातून येतात आणि खोक्यातल्या बुटाला आईबाप नसतात. पूर्वी बूट हवा असला की माणूस कारागिराकडे जायचा, मोजे काढून कागदावर पाय ठेवायचा. कारागीर पायाभोवती पेन्सिल फिरवायचा, फितीने माप घ्यायचा आणि त्या पायासारखा हुबेहूब लाकडी पाय कोरायचा. तोच फर्मा. त्याच्यावर चामडं ओढायचं, ठोकायचं, शिवायचं. बूट तयार झाला की फर्मा बाहेर आणि माणूस आत. म्हणजे बुटाच्या नशिबी पहिला पाय येतो तो आमचा, माणसाचा नंतर.

मला लिहितावाचता येत नाही. जी लाकडं शाळेत गेली त्यांची बाकं झाली, मी दुकानात गेलो. तेव्हा सांगताना पुढंमागं झालं तर सांभाळून घ्या. फक्त घाई करू नका. लाकूड घाईने वाळवलं तर तडकतं, गोष्टीचंही तसंच आहे.

मला कोरलं थोरल्या उस्तादांनी. माझ्याबरोबर माझा भाऊ, उजवा. दोघं एकाच ओंडक्यातले, पण स्वभाव वेगळे. तो जरा रुसका आहे. त्याचं कारण पुढं येईल.

थोरल्या उस्तादांनाही अक्षर येत नव्हतं. त्यामुळे कोणता फर्मा कोणाचा हे कळायला ते डोक्यावर चित्र कोरायचे. शिंप्याच्या फर्म्यावर कात्री, घड्याळवाल्याच्या फर्म्यावर दोन काटे. आमच्या डोक्यावर एक छोटं पाकीट आहे, कारण आमचे मालक टपालवाले होते. त्या भागात टपालवाला एकच, त्यामुळे घोटाळ्याचा प्रश्न नव्हता. आणखी एक पद्धत त्यांची होती. बूट फर्म्यावरून उतरला की फर्म्याच्या टाचेमागे चाकूने एक बारीक खाच मारायची. एक बूट, एक खाच. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. पण दुपारी काम नसलं की ते आम्हाला हातात घेऊन त्या खाचांवरून अंगठा फिरवत बसायचे, जसं एखादा म्हातारा नातवंडांच्या डोक्यावरून फिरवतो.

टपालवाल्यांचा पाय काय सांगू! लांब, सडसडीत, टाच अंड्यासारखी गुळगुळीत. दिवसभर चढ चढायचे, उतार उतरायचे. बूट झिजले की नवे करायला यायचे आणि स्टुलावर बसून गप्पा मारायचे. दुकानात बसून मी माणसं पुष्कळ पाहिली. बूट घालून बघताना अंगठा कळवळतोय हे तोंडावर दिसत असतं, पण म्हणतात, "अगदी छान बसलाय!" आपला पाय मोठा आहे हे कबूल करायला माणसाला फार जड जातं. तेव्हा मला वाटायचं, माणूस तोंडाने काही बोलो, पाय खोटं बोलत नाही. या वाटण्याची माझी खोड पुढं चांगली जिरली.

एक सकाळ सांगतो. दुकान नुकतं उघडलं होतं. टपालवाले आत आले ते उजव्या पायात बूट आणि डाव्या पायाला फडकं गुंडाळून.

थोरले उस्ताद म्हणाले, "हे काय? डावा कुठं ठेवून आलात?"

"ओढ्याने ठेवून घेतला. घाईत होतो."

"मग जोड करू ना?"

"जोड कशाला? उजवा ठणठणीत आहे. डावाच करा. आणि लवकर करा हो, घरी मुलगी आलीय."

"कोणाची?"

"कोणाची म्हणजे? माझी! काल आली."

एवढं बोलून ते हसले. डोळे झोपेने लाल, कपड्यांवर चिखल, आणि हसणं असं की दुकानातले सगळे फर्मे उजळले. उस्तादांनी जास्त विचारलं नाही, त्यांनीही जास्त सांगितलं नाही. त्या दिवशी माझ्या एकट्यावर बूट झाला आणि माझ्या टाचेमागे एक खाच वाढली. भावाच्या टाचेमागे वाढली नाही. तेव्हापासून तो रुसलाय.

मी पाहिलं ते एवढंच. आदल्या दिवशी काय झालं ते मी पाहिलं नाही, मी दुकानात खुंटीवर होतो. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढं सगळा खेळ याच गोष्टीचा आहे, की कोण कुठं होतं आणि कोणी काय पाहिलं.

वर्षं गेली. टपालवाल्यांचा पाय दुखू लागला, मग ते नोकरीतून मोकळे झाले, मग यायचे बंद झाले. एक दिवस उस्तादांनी आम्हाला खाली काढून स्वच्छ पुसलं आणि परत टांगलं. तेव्हा समजलो, की मालक गेले.

गिऱ्हाईक गेलं तरी त्याच्या फर्म्याला दुसऱ्याचा पाय लावायचा नाही, असं थोरले उस्ताद सगळ्यांना छाती फुगवून सांगायचे. खरंच सांगायचे. पण त्यांच्या म्हातारपणी समोरचा पाववाला लग्नाला उभा राहिला. लग्न अगदी तोंडावर, आणि तेव्हा याला आठवलं की पायात बूट लागतात! नवा फर्मा कोरायला वेळ कुठला. लांबीला तो आणि आम्ही सारखेच भरलो. फक्त त्याच्या डाव्या टाचेमागे जन्मापासून एक टेंगूळ. उस्तादांनी इकडंतिकडं पाहिलं. मुलगा परगावी मशीनवरची शिलाई शिकायला गेलेला, दुकानात फक्त नवी सून. त्यांनी माझ्या टाचेवर सरस लावून चामड्याचं जाड ठिगळ चिकटवलं, पाववाल्याचे बूट केले, सुनेला म्हणाले, "हे आपल्या दोघांत." त्या बुटांची खाच मात्र त्यांनी मारली नाही. मन खात असणार.

सरस इतका अस्सल होता की ठिगळ पुन्हा निघालं नाही. माझ्या सगळ्या खाचा त्याच्याखाली गेल्या. पाठीवर परक्याचं टेंगूळ घेऊन मी टांगून राहिलो. थोरले उस्ताद गेले, धाकटे उस्ताद गल्ल्यावर आले, खोक्यातले बूट आले. दुकानात आता शिवण्यापेक्षा तळ चिकटवायचंच काम जास्त. कोळ्यांनी आमच्यात घरं केली. कोळी शेजारी म्हणून वाईट नाही, बोलत नाही.

मग एका दुपारी एक बाई आली. दातांची डॉक्टर. बसायला स्टूल दिलं तरी उभी राहिली आणि भिंतीवरचे फर्मे असे न्याहाळू लागली जसे सगळ्यांचे जबडेच तपासायचे आहेत.

"उस्ताद, माझे आजोबा इथं बूट करायचे. टपालवाले होते. त्यांचं काही आहे का तुमच्याकडं? मी आमच्या घराण्याचा इतिहास जमवतेय."

धाकट्या उस्तादांनी पाकिटाच्या खुणेवरून आम्हाला शोधलं, फुंकर मारली, आणि मला उलटसुलट करून म्हणाले, "अरेरे! डाव्या टाचेत मोठा दोष होता हो यांच्या. हे बघा, केवढं वाढवलंय. असा माणूस चालेल कसाबसा, धावायचं नाव नको."

मी आतल्या आत ओरडलो, "अहो ते माझं नाही! पाववाल्याचं आहे!" पण लाकडाचं कोण ऐकतं.

डॉक्टरबाई म्हणाली, "नक्की आजोबांचंच ना हे?"

"आमच्या दुकानात मेलेल्या गिऱ्हाइकाच्या फर्म्याला हात लावत नाहीत. बाबांचा नियम होता."

कोपऱ्यात मशीनवर त्यांची बायको शिवत होती. तिला सगळे वहिनी म्हणतात. तिने मान वर केली, पण मशीनचा आवाज मोठा आणि नवऱ्याचा त्याहून मोठा. बोलायचं राहून गेलं.

आम्हाला दोघांना पिशवीत घालून डॉक्टरबाई घरी घेऊन गेली. रविवारची दुपार, जेवणं झालेली. टेबलावर मला ठेवलं. माझ्या एका बाजूला टपालवाल्यांचा फोटो, त्यात ते काठीवर रेलून उभे. दुसऱ्या बाजूला टपाल कचेरीतून काढून आणलेला कागद, त्यात लिहिलेलं, डावा पाय अधू. टेबलाभोवती तिघं. डॉक्टरबाई, तिचा धाकटा भाऊ, आणि दोघांची आत्या. आत्या म्हणजे टपालवाल्यांची लेक. तीच ती, काल आलेली! आता केस पांढरेशुभ्र, डोळ्यांना जाड चष्मा. तिने मला दोन्ही हातांनी उचललं.

"बाबांचा पाय," ती म्हणाली. "याच पायांनी धावले माझ्यासाठी. आई अडली होती. डॉक्टर खाली गावात. बाबा घरून निघाले ते डोंगर उतरून—"

"आत्या," भाचा हसून म्हणाला, "पुरे आता. बघ की, फोटोत काठी, कागदात अधू, आणि हा फर्मा. तीन तीन पुरावे. लंगडा माणूस धावेल कसा?"

हा भाचा विम्याच्या कचेरीत काम करतो. दिवसभर लोकांच्या सांगण्यावर विश्वास ठेवायचा नाही, याचाच त्याला पगार मिळतो. माणूस वाईट नाही, पण कचेरी घरी आणतो.

"ऐक तर, पुढं ओढ्यापाशी—"

"ओढा पण होता का? मागच्या वेळी नव्हता! आत्या, तू पुढच्या वेळी त्यांना उडवशीलसुद्धा."

तो मनापासून हसला. डॉक्टरबाईलाही हसू आलं, तिने ते हातरुमालात दाबलं. आत्याने मला हळूच टेबलावर ठेवलं.

"म्हणजे आई खोटं सांगायची," ती म्हणाली. कोणाला उद्देशून नाही, नुसतंच. "मी चौथी. घरात आधीच तिघी. आणखी एक कशाला, असं म्हणणारे पुष्कळ होते. कोणी तसं बोललं की मी मनात म्हणायची, असेल, पण माझे बाबा माझ्यासाठी धावले होते. त्या जोरावर मी नोकरी केली, घर उभं केलं, तुम्हाला अंगाखांद्यावर खेळवलं." चष्मा काढून पुसला. "असू दे. लिही तू. खरं असेल तेच लिही."

आणि ती आत जाऊन पडली.

भाच्याचं हसू उतरलं. "मी गंमत केली गं."

"कळलं तिला," डॉक्टरबाई म्हणाली. "बस आता गप्प."

मला त्या दिवशी एक गोष्ट समजली. मी आयुष्यात खोटं बोललो नाही, आणि तरी मी खोटी साक्ष दिली होती. टेबलावर नुसता पडून राहून. वस्तू खोटं बोलत नाही हे खरं, पण वस्तूकडून खोटं वदवून घेता येतं.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी डॉक्टरबाई आम्हाला परत द्यायला निघाली. आत्या म्हणाली, "मी येते. एकदा ते दुकान बघू दे. मग पुरे झाला तुझा इतिहास."

दुकानात शिरल्याबरोबर डॉक्टरबाई थबकली. भिंतीवर थोरल्या उस्तादांचा फोटो होता. उस्ताद ऐटीत उभे, हातात काठी. वाकड्या मुठीची, मुठीवर पितळी टोपण.

तिने पर्समधून आजोबांचा फोटो काढून शेजारी धरला. तीच काठी.

"उस्ताद, तुमचे वडील लंगडायचे?"

"बाबा? छे हो! रोज तालमीत जायचे. ती काठी फोटोवाल्याची. त्याच्याकडे गेलं की हातात द्यायचाच. मोकळ्या हातांचं काय करायचं हे माणसाला फोटोत कळत नाही ना."

डॉक्टरबाई स्टुलावर बसली. पहिल्यांदाच. "म्हणजे फोटोत काठी आहे एवढंच खरं. काठी त्यांची आहे, असं फोटो म्हणतच नव्हता. आपण म्हणत होतो. आत्या, आजोबांचा पाय अधू कधी झाला?"

"म्हातारपणी. नोकरी सुटायच्या सुमारास. तेव्हा मी कॉलेजात होते."

"आणि कागद नोकरी सुटतानाचा आहे!" तिने कपाळाला हात लावला. "रोज पेशंटला विचारते, दात कधीपासून दुखतोय. कागदाला विचारलं नाही."

राहिलो मी. तिने मला हातात घेतलं, ठिगळावरून नख फिरवलं. "उस्ताद, हे ठिगळ तुमच्या वडिलांनी लावलं तेव्हा तुम्ही दुकानात होतात?"

"मी नव्हतो. पण आमच्याकडे नियमच—"

"नियम नको. कोणी पाहिलं का, ते सांगा."

मशीन थांबलं. वहिनी म्हणाली, "मी पाहिलं. ते पाववाल्यांसाठी लावलंय."

धाकटे उस्ताद गर्रकन वळले. "काहीतरीच! बाबांनी? दुसऱ्याच्या फर्म्यावर?"

"अहो, मामंजी तुमच्यासमोर नियम सांगायचे आणि तुम्ही गावाला गेलात की काम करायचे. कोणाला सांगू नकोस म्हणाले, नाही सांगितलं. आता ही आजी रडवेली बसलीय, आता कशाला लपवू?"

"तुझी आठवण चुकत असेल."

"मग बोलवा त्यांना. टाच तर त्यांच्याजवळच आहे ना अजून? का तीही देऊन टाकली?"

पाववाले काका हातातलं पीठ झटकत आले. पायात मागून उघड्या सपाता. इतकी वर्षं समोर, पण गिऱ्हाइकाला ते दिसायचे कमरेच्या वरच. पाव विकत घेताना पाय कोण बघतो!

"काय, काय झालं? कोणाचं काय चोरलं मी?"

"टाच दाखवा," वहिनी म्हणाली.

"चारचौघांत?" पण त्यांनी सपाता काढून पाय स्टुलावर ठेवला. टेंगूळ जसंच्या तसं होतं, वयाने जरा भारदस्त झालेलं. डॉक्टरबाईने मला शेजारी धरलं. टेंगळाच्या बाजूला एक खोलगट खळी होती, तीसुद्धा ठिगळावर उतरलेली.

"अरे, हा तर मी!" काका ओरडले. "माझ्या लग्नातला मी! बाई, ते बूट मला असे चावले म्हणून सांगू, सगळ्या फोटोंत मी रडल्यासारखा दिसतो. बायको अजून म्हणते, आनंद झाला नव्हता का तुम्हाला? तिला सांगा हो, टाच होती ती!"

दुकानभर हसू झालं. धाकटे उस्तादसुद्धा हसले, पण जरा ओशाळून. "बाबा म्हणजे..." एवढंच बोलून त्यांनी वडिलांच्या फोटोकडं पाहिलं. मग म्हणाले, "काढूनच टाकू हे. बाई, तुमच्या आजोबांचा पाय तुम्हाला स्वच्छ दिसू दे."

ओल्या फडक्याने सरस नरमायला वेळ लागतो. तोवर सगळे बसून राहिले. पाववाले काका आत्याला म्हणाले, "आजी, एवढा कसला खटला चाललाय? धावले म्हणजे कुठं धावले?"

आणि आत्याने सांगायला सुरुवात केली. सावकाश. कोणी मध्ये बोललं नाही.

"आई अडली तेव्हा बाबा नुकते कामावरून येऊन टेकले होते. उठले ते तसेच धावत सुटले. ओढ्याला पाणी होतं. डावा बूट चिखलात रुतला आणि पाय तेवढा बाहेर आला. बूट राहिला तिथंच. एका बुटाने डॉक्टरांच्या दारात. डॉक्टर म्हणाले, अहो, आधी तुम्ही बसा. बाबा म्हणाले, बसायला वेळ नाही, तुम्ही उठा! दुसऱ्या दिवशी आईला कळलं, की हे एका पायात बूट आणि एका पायात फडकं घालून घरभर मला मिरवतायत."

डॉक्टरबाई बघतच राहिली. "आत्या, बुटाचं हे तू कधीच बोलली नाहीस!"

"तुम्ही तिथपर्यंत पोचू कुठं देता? बाबा डोंगरावरून खाली यायच्या आत तुमचं हसून होतं."

डॉक्टरबाईने खाली बघून पर्समधलं दातांचं हत्यार काढलं, ठिगळाच्या कडेत हळूच घातलं, आणि दात काढावा तसं, न दुखवता, ठिगळ सुटं केलं. इतक्या वर्षांनी माझ्या टाचेला वारा लागला. गुदगुल्या झाल्या.

"ही बघा बाबांची खूण," उस्ताद म्हणाले. "एक बूट, एक खाच. ठिगळ यांच्यावर बसलंय, म्हणजे हे सगळे बूट झाले ते ठिगळाच्या आधी, सरळ टाचेवर." त्यांनी भावाला उचलून माझ्याजवळ ठेवलं, दोघांच्या खाचांवरून बोट नेलं, पुन्हा नेलं. "हे मात्र चुकलं बाबांचं. डाव्याला एक जास्त आहे."

डॉक्टरबाईने हातातलं हत्यार खाली ठेवलं.

"उस्ताद," डॉक्टरबाई हळू आवाजात म्हणाली, "एकाच पायाचा बूट कोणी शिवून घेतं का?"

"कोण घेणार? ज्याचा एक हरवला—" आणि ते थांबले. वहिनीने तोंडावर हात ठेवला. पाववाले काकांनी सपातेत पाय घालता घालता तो तसाच अधांतरी धरला.

मी काय करत होतो विचारू नका. लाकडाला रडता येत नाही म्हणून बरं.

आत्याने हात पुढं केला, मला घेतलं आणि त्या खाचांवर अंगठा ठेवला. बराच वेळ.

डॉक्टरबाई मात्र डॉक्टरबाईच. ती म्हणाली, "थांबा, मला नीट तोलू दे. आत्या, तू स्वतः पाहिलेलं नाहीस, तू तेव्हा जन्मत होतीस. तू सांगतेस ते आजीचं ऐकून. ऐकीव गोष्ट वाटेत वाढते. खाच वाढत नाही, पण खाच बोलतही नाही. बूट हरवला एवढंच ती सांगते. कधी, ते सांगत नाही. पण आत्याला खाचा माहीत नव्हत्या आणि खाचांना आत्या माहीत नव्हती. दोघी कधी भेटल्या नाहीत, आणि दोघी एकाच बुटाबद्दल बोलतायत. याला वजन आहे. मी लिहीन, आजोबा त्या दिवशी डॉक्टरला आणायला गेले, वाटेत बूट हरवला. धावत गेले की भरभर चालत, ते मात्र सांगता येत नाही."

आत्याने चष्म्यावरून तिच्याकडं पाहिलं. "भरभर चालणाऱ्याचा बूट चिखलात राहिला तर तो काय करतो?"

"वाकून उपसतो."

"बाबा का नाही वाकले?"

डॉक्टरबाई खळखळून हसली. आत्याच्या गळ्यात हात टाकला. "लिहिते. धावले, असंच लिहिते. आणि कोणी विचारलं तर हे तुझं वाक्यही खाली घालते."

मला आनंद झाला तो वेगळाच. त्या दुकानात प्रत्येकाकडं खऱ्याचा एकेक तुकडा होता आणि कोणाकडंच सगळं नव्हतं. फोटो, कागद, मी, वहिनी, ती टाच, आणि आत्या. कोणालाच हाकलून द्यायचं नव्हतं. प्रत्येकाला फक्त नीट विचारायचं होतं, बाबा रे, तू तेव्हा कुठं होतास?

आठवड्याने भाचा दुकानात आला. एकटा नाही, आत्याला घेऊन. बहिणीने घरी सगळं सांगितलं असणार. दारातच घुटमळला. विम्याच्या कचेरीत माफी मागायचा कागद नसतो, त्यामुळे कसं मागायचं ते त्याला ठाऊक नव्हतं.

"उस्ताद, बूट करायचेत. मापाचे."

"काढा मोजे."

पाय कागदावर ठेवला. उस्तादांनी पेन्सिल फिरवली, फीत लावली, भुवया उंचावल्या आणि मला खाली काढून त्या पायाशेजारी ठेवलं. लांब, सडसडीत, टाच अंड्यासारखी. पायाच्या वरचा माणूस बसून बसून गोल झालाय, ते सोडा.

"नवा फर्मा नको," उस्ताद म्हणाले. "तुमचा पाय इथं आधीच होता." मग वडिलांच्या फोटोकडं बघून पुटपुटले, "आणि हा दुसऱ्याचा म्हणता येणार नाही."

भाचा अनवाणी पाय तसाच ठेवून बसला. मग आत्याकडं न बघता म्हणाला, "आत्या, सांग ना. पहिल्यापासून."

"हसशील."

"हसलो तर तूच ठोक, फर्मा आहे हाताशी."

आत्या बसली. पदर सावरला. आणि सांगू लागली. या वेळी ओढ्याच्या पलीकडं दोन कुत्रेही मागे लागले. कुत्रे मला तरी नवीन होते. भाच्याच्या ओठांचा कोपरा हलला, विम्याच्या कचेरीतला माणूस आत जागा झाला असणार. पण तो एवढंच म्हणाला, "मग?"

त्या "मग?"ने आत्याचा चेहरा असा फुलला, की मला वाटलं, कुत्रे असोत की नसोत, एवढ्यासाठी असू द्यावेत. डॉक्टरबाई बघून घेईल.

सध्या माझं बरं चाललंय. काल चामडं भिजवलं, आज ओढायला घेतलंय. भाऊ शेजारीच आहे, त्याच्याही अंगावर चामडं आहे, त्यामुळे खुशीत आहे. तुमच्या घरातही असं एखादं म्हातारं माणूस असेल, जे एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतं. ती खरी की खोटी ते सावकाश ठरवा, फोटो बघा, कागद बघा, चार जणांना विचारा. पण त्याआधी एकदा ती शेवटपर्यंत ऐका. अर्ध्यात हसून थांबवलेल्या गोष्टीत काय राहून गेलं, ते कोणालाच कळत नाही.

उस्ताद आता चामडं माझ्या तोंडावरून ओढतायत. बोलता येणार नाही. येतो मी.